मसाई आणि सांबुरू : एका बोलीची दोन भावंडे

सन २०१८ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस युनेस्कोच्या एका समितीची बैठक आपल्या पोर्ट लुईस शहरी भरली होती. निरनिराळ्या देशांतील लोकपरंपरांना जागतिक वारसा म्हणून मान्यता देण्याचे काम ही समिती करते. आपला सेगा २०१४ साली आणि लग्नघरातील भोजपुरी गीत-गवाई २०१६ साली ज्या यादीत गेली, ती यादी वाचकांच्या परिचयाची आहेच. तिच्याशेजारी आणखी एक यादी असते. ज्या परंपरांना आज हात दिला नाही तर उद्या त्या दिसणार नाहीत, अशांची ती यादी. पोर्ट लुईसच्या त्या बैठकीत केनियातील मसाई लोकांच्या तीन संस्कारांची नोंद या दुसऱ्या यादीत झाली. जमैकाच्या रेगे संगीताला त्याच बैठकीत मान्यता मिळाली, ती बातमी जगभर गाजली. मसाईंची बातमी मात्र मागे पडली.

वास्तविक मसाई माणसाचे चित्र आपण सर्वांनी पाहिलेले आहे. उंच बांधा, अंगावर तांबडे वस्त्र, हातात भाला, गळ्यात मण्यांच्या माळा आणि जागच्या जागी उंच उडी. मोम्बासा-नैरोबीकडे फिरून आलेल्या मंडळींच्या दिवाणखान्यात अशा माणसाची लाकडी मूर्तीही असते. जगातील कित्येक कंपन्यांनी आपला माल खपवण्यासाठी मसाई हे नावही वापरले आहे. ज्या लोकांचे चित्र सगळीकडे विकले जाते, त्यांचेच संस्कार बुडण्याच्या यादीत कसे येतात? या प्रश्नाचे उत्तर शोधताना त्यांची संस्कृती कशावर उभी आहे हे समजते, आणि आपल्यासारख्या लहान समाजालाही त्यातून काही शिकता येते.

नावातच भाषा

मसाई म्हणजे ‘मा’ ही भाषा बोलणारे, असा या नावाचा अर्थ सांगितला जातो. देश, राजा किंवा धर्म यांवरून पडलेले हे नाव नव्हे; ते बोलीवरून पडले आहे. हे लोक दक्षिण केनियात आणि उत्तर टांझानियात राहतात. त्यांच्या उत्तरेस, केनियाच्या मध्यभागाच्या वर, मारालाल हे मुख्य ठाणे असलेल्या कोरड्या मुलखात सांबुरू लोकांची वस्ती आहे. तेही मा भाषाच बोलतात. उच्चारांत व काही शब्दांत फरक आहे, पण मसाई आणि सांबुरू एकत्र बसले तर त्यांना दुभाषा लागत नाही. कोकणातला आणि घाटावरचा मराठी माणूस भेटावा तसा हा प्रकार आहे.

केनियाच्या २०१९ च्या जनगणनेत मसाईंची संख्या सुमारे ११ लाख ९० हजार, तर सांबुरूंची सुमारे ३ लाख ३३ हजार भरली. सांबुरू स्वतःला लोकोप असेही म्हणवतात. भाषा एक, गुरांवरचे प्रेम एक, आकाशातील देव एक. तरीही ते स्वतःला मसाई म्हणवून घेत नाहीत. आम्ही भावंडे आहोत, पण आमचे घर वेगळे आहे, असा त्यांचा बाणा आहे. बाहेरचा मनुष्य तांबडे वस्त्र पाहून दोघांनाही एकाच नावाने हाक मारतो, ते त्यांना रुचत नाही. आपल्या बेटावर सगळ्या भारतीय वंशजांना एकाच नावाखाली मोजले की आपल्या वडीलधाऱ्यांना जसे वाटे, तसेच ते आहे.

गुरे आणि आकाश

मसाईंच्या देवाचे नाव एन्काई. सांबुरू त्यालाच न्काई म्हणतात. याच शब्दाचा अर्थ आकाश असाही होतो आणि पाऊस असाही होतो. व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द स्त्रीलिंगी आहे, ही गोष्ट भाषा शिकवणाऱ्यांना कौतुकाची वाटेल. काळा एन्काई दयाळू आणि तांबडा एन्काई कोपिष्ट, असे मसाई मानतात. कारण उघड आहे. काळे ढग आले की पाऊस, पावसाने गवत, गवताने दूध. तांबडे, कोरडे आकाश म्हणजे दुष्काळ.

एन्काईने आकाशातून कातड्याची वादी खाली सोडली आणि तिच्यावरून गाई उतरून मसाईंच्या स्वाधीन केल्या, अशी त्यांची जुनी कथा आहे. गुरे हीच संपत्ती, हेच लग्नातील देणे आणि तोच भांडण मिटवण्याचा दंड. मसाईंच्या कुळांचे दोन मोठे भाग आहेत. त्यांपैकी एकाचे नाव तांबड्या बैलांवरून, दुसऱ्याचे काळ्या गुरांवरून आहे. सांबुरूंमध्येही कुळांचे दोन भाग आहेत, एक काळ्या गुरांचा आणि एक पांढऱ्या गुरांचा. दूध हे पूर्वापार मुख्य अन्न. ते ज्या तुंब्यात ठेवतात, तो रानटी ऑलिव्हच्या लाकडाचा निखारा आत फिरवून धुरी देऊन स्वच्छ करतात. त्याने दूध टिकते आणि त्याला धुराचा वास लागतो. काही प्रसंगी गाईच्या मानेची शीर टोचून थोडे रक्त काढून दुधात मिसळत. हे वाचून आपल्यापैकी काहींच्या अंगावर काटा येईल. पण गाय त्याने मरत नाही, आणि दुधावर जगणाऱ्याला तिला मारणे परवडतही नाही. आज त्यांच्या घरोघर मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा आणि दूध-साखर घातलेला चहा हेच रोजचे खाणे-पिणे झाले आहे. या चहाला स्वाहिली भाषेत ‘चाय’च म्हणतात.

घर बांधण्याचे काम बायकांचे. काटक्यांचा सांगाडा, त्यावर माती आणि शेणाचा लेप. सारवणाचे काम ज्यांनी आपल्या आजीच्या हातून पाहिले आहे, त्यांना या घराचे नवल वाटणार नाही. मूल वडीलधाऱ्यासमोर आले की मान वाकवून डोके पुढे करते आणि मोठे माणूस त्या डोक्यावर हात ठेवते. आपल्याकडे मुलाचे हात मोठ्यांच्या पायांकडे जातात, तेथे मोठ्यांचा हात मुलाच्या मस्तकावर येतो. भाव एकच.

पिढ्यांची शाळा

आता त्या तीन संस्कारांकडे वळू. त्यांची नावे एन्किपाता, एउनोतो आणि ओलंगेशेर अशी आहेत. एन्किपातामध्ये मुलांना पुढील दीक्षेसाठी तयार केले जाते. मग सुंता होते आणि मुलगा मोरान, म्हणजे तरुण योद्धा होतो. मोरान केस वाढवतो, त्यांना गेरू लावतो, मित्रांना सोडून एकटा जेवत नाही. एउनोतोच्या वेळी त्याचे ते लांब केस त्याची आई उतरवते. हुडपणाचे दिवस संपले, आता जबाबदारी आली, असा त्याचा अर्थ. ओलंगेशेरमध्ये सर्वजण मिळून संस्काराचे मांस खातात आणि त्या दिवसापासून ते गावाच्या वडीलधाऱ्यांत जमा होतात.

एका काळात दीक्षा घेतलेले सर्व तरुण मिळून एक गट होतो. त्याला नाव मिळते आणि ते नाव जन्मभर राहते. सांबुरूंमध्ये असा नवा गट सुमारे १४-१५ वर्षांनी सुरू होतो. या समाजांत पूर्वी राजा नव्हता, सरदार नव्हता. कोणत्या गटाने कोणाचे ऐकायचे, कोणी गुरे राखायची, कोणी न्याय द्यायचा, हे सर्व या गटांच्या क्रमाने ठरे. मानववंशशास्त्रज्ञ पॉल स्पेन्सर यांनी १९६५ साली सांबुरूंवर एक ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी या व्यवस्थेला वृद्धांचे राज्य म्हटले आहे.

यातील एक नियम शिक्षकांनी ध्यानात घ्यावा असा आहे. नव्या मोरानांना वळण लावण्याचे काम त्यांच्या लगत वरच्या गटाकडे देत नाहीत. एक गट मध्ये सोडून त्याच्या वरच्या गटातील वडीलधारे ते काम करतात. अरणी घुसळावी तसे लाकडावर लाकूड फिरवून ते नव्या गटासाठी अग्नी पेटवतात आणि त्या अग्नीच्या नात्याने त्यांचे पालक होतात. लगतच्या पिढीत चुरस असते, थोरला भाऊ धाकट्याला सहज जागा करून देत नाही. पण एक पिढी सोडून माया असते. आजा आणि नातू यांचे जसे जमते, तसेच हे. लिखित पुस्तक नसताना इतकी वर्षे हा समाज एका शिस्तीत राहिला, त्याचे कारण कोणी कोणाला शिकवायचे हे तेथे पक्के ठरलेले होते.

मणी बाहेरचे, मांडणी त्यांची

येथे एक गंमत सांगितली पाहिजे. मसाईंची ओळख म्हणून जे काही विकले जाते, त्यातील पुष्कळ माल बाहेरून आलेला आहे. जुन्या काळी ते कातडे पांघरत. कापड व्यापाऱ्यांबरोबर आले. काचेचे रंगीत मणी युरोपातून जहाजांनी आले. त्याआधी बिया, शिंपले, हाडे आणि लोखंड यांचे दागिने होते. परंतु बाहेरून आलेल्या मण्यांना त्यांनी आपली भाषा शिकवली. पांढरा रंग दुधाचा, निळा आकाशाचा, हिरवा गवताचा. कोणती माळ कुमारिकेची, कोणती विवाहितेची, कोणते कर्णभूषण मोरानाच्या आईचे, हे मणी पाहूनच त्यांना कळते. मणी विणण्याची कला बायकांच्या हाती असल्याने ही भाषाही त्यांच्याच हाती राहिली.

यावरून असे दिसते की नवी वस्तू घरात आल्याने संस्कृती बुडत नाही. मग मसाईंचे संस्कार संकटात आले ते कशाने? युनेस्कोपुढे जी कारणे मांडली गेली, त्यांत शेतीचा वाढता व्याप, जमिनीच्या मालकीचे नवे कायदे आणि गुरांच्या जिवावर उठलेले बदलते हवामान ही प्रमुख आहेत. थोडक्यात, जमीन. हजारो माणसे आणि गुरे एकत्र जमतील असे मोकळे रानच राहिले नाही, तर संस्कार करायचा कोठे?

कराराची कहाणी

जमीन गेली ती एका दिवसात गेली नाही. १८९० च्या सुमारास गुरांचा बुळकांड्या रोग पूर्व आफ्रिकेत पसरला, कळपच्या कळप मेले. पाठोपाठ देवीची साथ आली. मसाई त्या काळाला ‘एमुताई’, म्हणजे सर्वनाश, म्हणतात. समाज असा खचलेला असतानाच इंग्रजांनी मोम्बासाहून आत रेल्वे नेली. १८९६ ते १९०१ या काळात त्या रुळांसाठी राबले ते बहुतांशी हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, करारावर नेलेले मजूर. आपले पूर्वज ज्या साम्राज्याच्या गरजेसाठी करारावर उसाच्या मळ्यांत आले, त्याच साम्राज्याची ही दुसरी बाजू होय.

रेल्वेच्या दोन्ही अंगांची उत्तम कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांना हवी होती. १९०४ साली इंग्रजांनी मसाईंशी करार केला. मसाईंनी मोठ्या खोऱ्यातील कुरणे सोडावी, बदल्यात उत्तरेस लैकिपिया आणि दक्षिणेस दुसरा मुलूख त्यांना राहील, मसाई जमात अस्तित्वात असेपर्यंत राहील, असे वचन दिले गेले. सात वर्षे झाली नाहीत तोच १९११ साली दुसरा करार पुढे आला आणि लैकिपियाही रिकामा करण्याचा हुकूम झाला. पार्सालोई ओले गिलिशो या नेत्याच्या पुढाकाराने मसाईंनी भाले बाजूला ठेवून न्यायालयाची पायरी चढली. १९१३ साली निकाल लागला. हा करार दोन सत्तांमधील तह आहे, म्हणून त्याची दाद आमच्या न्यायालयात मागता येत नाही, असे सांगून दावा काढून टाकण्यात आला. जमीन घेताना मसाई प्रजा, आणि न्याय मागताना मात्र परकी सत्ता. करार या शब्दाचे ओझे ज्यांच्या घराण्याने वाहिले आहे, त्यांना याहून अधिक सांगणे नको. २००४ साली, पहिल्या कराराला शंभर वर्षे झाली तेव्हा, मसाईंनी पुन्हा मोर्चे काढून लैकिपिया परत मागितला. तो मिळाला नाही.

सांबुरू उत्तरेस असल्याने थोडे वाचले. लेरोघी पठारावर गोऱ्यांचा डोळा होता, पण १९३० नंतरच्या दशकातील जमीन आयोगाच्या चौकशीनंतर ते सांबुरूंकडे राहिले.

स्वातंत्र्यानंतरही प्रश्न मिटला नाही. ज्या १९६८ साली आपला देश स्वतंत्र झाला, त्याच साली केनियात सामुदायिक कुरणांचा कायदा झाला. गावाच्या नावे एकत्र जमीन नोंदवली गेली. परंतु पुढे १९८० च्या दशकापासून पुष्कळ कुरणांची वाटणी होऊन प्रत्येकाच्या नावे तुकडे पडले. कोणी तुकडा विकला, कोणी तारेचे कुंपण घातले. पावसाच्या मागे चालणारा कळप कुंपणापाशी थांबला. शेतीची वाटणी झाली तरी ऊस उगवतो. कुरणाची वाटणी झाली की गुरे उपाशी मरतात.

टांझानियात आणखी वेगळे झाले. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यानातून मसाईंनी बाहेर पडावे आणि शेजारच्या न्गोरोन्गोरो भागात वन्य पशूंसह राहावे, अशी व्यवस्था १९५९ साली झाली. पुढे न्गोरोन्गोरोमधूनही त्यांना दूर हांडेनी भागातील म्सोमेरा गावी हलवण्याचा कार्यक्रम सरकारने हाती घेतला. २०२२ सालच्या जून महिन्यात जवळच्या लोलिओन्दो येथे १,५०० चौरस किलोमीटर जमीन राखीव करण्यासाठी सुरक्षा दले सीमा आखू लागली, तेव्हा चकमक होऊन एक पोलीस मरण पावला आणि अनेक मसाई जखमी झाले. सिंह-हत्ती राखले पाहिजेत हे खरेच. पण ते आजवर टिकले ते रानटी पशू सहसा न खाणाऱ्या गुराख्यांच्या शेजारी टिकले, हेही तितकेच खरे. त्यातच २०२० नंतर लागोपाठ पाच पावसाळे फसले आणि एकट्या केनियात २० लाखांहून अधिक जनावरे मेली.

बदल कोणी करायचा?

परंपरा म्हटली की तीतील सारेच चांगले, असे मानण्याचे कारण नाही. मुलींची सुंता, कोवळ्या वयातील लग्ने, आणि सांबुरूंमध्ये मोरानाने लहान मुलीला मण्यांच्या माळा घालून तिच्यावर हक्क सांगण्याची रीत, यांनी कित्येक मुलींची आयुष्ये नासली. केनियाने २०११ साली मुलींच्या सुंतेवर कडक बंदी घातली. परंतु कायद्याइतकेच महत्त्वाचे काम समाजातल्या माणसांनी केले. १९९० साली रिबेका लोलोसोली आणि इतर सांबुरू स्त्रियांनी उमोजा नावाचे, केवळ बायकांचे गाव वसवले. अत्याचाराला कंटाळून घर सोडलेल्या स्त्रिया तेथे मण्यांचे दागिने विकून मुलांना शिकवू लागल्या. २०२१ च्या मार्च महिन्यात सांबुरू वडीलधाऱ्यांनी किसिमा येथे जमून मुलींची सुंता आणि बालविवाह थांबवण्याची जाहीर घोषणा केली. ज्यांच्या शब्दावर ती रीत चालत होती, त्यांच्याच तोंडून ती थांबवण्याचा शब्द निघाला. घोषणा झाली म्हणून एका दिवसात रीत सुटते असे नाही. पण दार आतून उघडले, हे महत्त्वाचे.

सिंहाच्या शिकारीचेही तसेच. पूर्वी भाल्याने सिंह मारणे हे मोरानाचे शौर्य समजत. २०१२ साली किलिमांजारोच्या पायथ्याजवळ मसाई तरुणांच्या क्रीडास्पर्धा सुरू झाल्या. भालाफेक, धावणे, उंच उडी. शौर्य तेच, सिंह जिवंत. याच वर्षी लंडन ऑलिम्पिकमध्ये ८०० मीटर शर्यत १ मिनिट ४०.९१ सेकंदांत जिंकून जागतिक विक्रम करणारा डेव्हिड रुडिशा हा मसाईच आहे.

शाळेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. मुले शाळेत गेली तर गुरे राखायची कोणी, हा जुना अडसर होता. आज अनेक घरी मुलांचे संस्कार शाळेच्या सुट्टीत उरकले जातात. पूर्वी मोरान होऊन वर्षानुवर्षे रानात जे शिकायचे, ते काही आठवड्यांत शिकवावे लागते. शाळेत पुढे इंग्रजी आणि स्वाहिली येते. मा भाषा मात्र अजून घरात, गोठ्यात आणि वडीलधाऱ्यांच्या बैठकीत बोलली जाते, आणि हीच त्यांची मोठी ठेव आहे.

वाचकहो, येथे आपण आपल्याकडे पाहावे. आपल्या घरांत रोजची बोली बहुतांशी क्रिओल झाली आहे. मराठी राहिली ती शाळेच्या तासात, पूजेत आणि सणाच्या गाण्यांत. मसाईंची जमीन गेली, पण बोली टिकली. आपल्याला हक्काचे घर आणि देश मिळाला, पण बोली हातून निसटत चालली आहे. दोघांपैकी कोणाचे दुःख मोठे, याचा हिशेब मांडण्यात अर्थ नाही. पण त्यांच्या व्यवस्थेतील एक गोष्ट आपल्याला फुकट घेता येण्यासारखी आहे, ती म्हणजे एक पिढी सोडून शिकवण्याची रीत. आई-वडील कामाच्या व्यापात असतात, त्यांना दोष देऊन काही साधत नाही. मात्र ज्या घरात अजून मराठी बोलणारी आजी किंवा आजोबा आहेत, त्या घरात अग्नी पेटवणारे हात शिल्लक आहेत. संध्याकाळचा अर्धा तास नातवंडांनी त्यांच्यापाशी बसावे, आणि आजीने त्या वेळात क्रिओल बाजूला ठेवून मराठीतच बोलावे. मुलाने क्रिओलमध्ये उत्तर दिले तरी हरकत नाही; ऐकलेली भाषा कानात राहते. एवढे करण्यासाठी ना कुरण लागते, ना कोणाची मान्यता लागते.